कुलूप लागलेलं घर सोडू नका: विदर्भातल्या गावांत हवामान आणि स्थलांतराचं घरोघरी सर्वेक्षण कसं करावं

दिवाळी होते, कापसाचे पहिले एक-दोन वेचे आटोपतात आणि यवतमाळ-वाशिम-बुलढाण्यातल्या तांड्यांवर दारांना कुलपं दिसू लागतात. टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या असतात. मेळघाटातली कोरकू कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, होळीला परततात. गडचिरोली-चंद्रपूरच्या धानपट्ट्यातून नव्या वर्षात मजुरांच्या गाड्या तेलंगणात मिरची तोडायला निघतात. नेमक्या याच दिवसांत सर्वेक्षणाचे चमू गावात पोचतात, कारण रस्ते कोरडे असतात आणि मार्चच्या आत निधी खर्च करायचा असतो. कुलूप दिसलं की चमू शेजारच्या उघड्या घरात शिरतो आणि प्रश्नावली भरून मोकळा होतो.

माझ्या पहिल्या सर्वेक्षणात मीही हेच केलं. एका तांड्यात यादीतल्या २० घरांपैकी ७ बंद निघाली, त्यांच्या जागी मी शेजारची ७ घेतली. तिथून फारसं कोणी बाहेर जात नाही, असा निष्कर्ष हाती आला. तो साफ चुकीचा होता आणि चूक माझी होती. ज्यांचा अभ्यास करायला गेलो, त्यांनाच मी यादीतून काढून टाकलं होतं. पुढे जे लिहिलं आहे, ते ही चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून. महाविद्यालयातले संशोधक, गावात काम करणाऱ्या संस्था आणि स्वतःच्या गावाची माहिती गोळा करू पाहणाऱ्या ग्रामपंचायती, सगळ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आधी प्रश्न नीट मांडा

“हवामान बदलामुळे किती लोक गाव सोडून गेले?” हा प्रश्न घेऊन गावात जाऊ नका. कोणतंही सर्वेक्षण त्याचं प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही. पाऊस आणि गाव सोडणं यांच्या मध्ये बऱ्याच गोष्टी असतात. पावसानं ओढ दिली, सोयाबीन एकरी दोन-तीन पोत्यांवर आलं, कृषी केंद्राची उधारी थकली, दिवाळीत मजुरांच्या टोळ्या नेणारा मुकादम उचल (आगाऊ पैसे) घेऊन दारात आला. यातलं कोणतं एक कारण खरं म्हणायचं?

उत्तर मिळू शकेल असा प्रश्न वेगळा असतो. ज्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा मोठा खंड पडला, त्या वर्षी कोणत्या प्रकारच्या घरांतून नेहमीपेक्षा जास्त माणसं गेली, किती महिन्यांसाठी गेली, आणि जावंसं वाटूनही कोण जाऊ शकलं नाही? हा शेवटचा तुकडा विसरू नका. बाहेर जायलाही गाडीभाडं लागतं, ओळख लागते, धडधाकट अंग लागतं. जे गावात राहिले ते सगळे सुखात आहेत म्हणून राहिले, असं गृहीत धरलं की अर्धा अभ्यास वाया जातो.

दुसरी गोष्ट. एक दुष्काळी वर्ष म्हणजे हवामान बदल नव्हे. जागतिक हवामान संघटना सरासरीसाठी ३० वर्षांचा काळ धरते, सध्या १९९१ ते २०२०. पाऊस-उन्हाच्या माराला घरं कशी तोंड देतात, हे सर्वेक्षणातून कळतं. तो मार वाढतो आहे का, हे पर्जन्यमापकाच्या नोंदींतून कळतं. दोन्ही हातात असल्याशिवाय “हवामान बदल” हा शब्द अहवालात वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

सरकारी आकड्यांत काय सापडतं, काय निसटतं

२०११ च्या जनगणनेत जन्मठिकाण, आधीचं वास्तव्य आणि स्थलांतराचं कारण विचारलं होतं. कारणं अशी: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवणं, कुटुंबासोबत जाणं आणि इतर. त्यात दुष्काळ नाही, पूर नाही. बहुतांश बाया “लग्न” या रकान्यात जातात, मग त्या पुढे नवऱ्यासोबत दर वर्षी ऊस तोडायला का जाईनात. चार महिने जाऊन परत येणारा माणूस तर तिथे दिसतच नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीनं (२००७-०८) हंगामी स्थलांतर पकडण्यासाठी व्याख्या केली: कामासाठी किंवा कामाच्या शोधात मागच्या ३६५ दिवसांत १ महिना किंवा जास्त, पण ६ महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिलेली व्यक्ती. तुमचे आकडे देशाच्या आकड्यांशी ताडून पाहायचे असतील तर ही व्याख्या उपयोगी पडते. पण आपल्याकडे कापूस वेचायला पंधरा दिवसांसाठी दुसऱ्या तालुक्यात जाणाऱ्या बाया एका महिन्याच्या आत परततात, आणि गाळप लांबलं तर ऊसतोडीची टोळी सहा महिन्यांची मर्यादा ओलांडते. म्हणून व्याख्या लावूनच माहिती गोळा करू नका. प्रत्येक फेरीचा जाण्याचा आणि येण्याचा काळ लिहून घ्या. तेवढं हाती असलं की पुढे कोणतीही व्याख्या लावता येते.

त्याच घरांकडे पुन्हा पुन्हा गेल्यानं काय साधतं, याचं उदाहरण विदर्भातच आहे. इक्रिसॅट या संशोधन संस्थेनं १९७५ मध्ये गावपातळीवरचे दीर्घ अभ्यास सुरू केले, तेव्हा निवडलेल्या पहिल्या सहा गावांत अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेड ही दोन गावं होती. अशा नोंदींत एकाच कुटुंबाची चांगली आणि वाईट वर्षं शेजारी ठेवून पाहता येतात. एकदाच केलेल्या सर्वेक्षणाला हे बळ कधीच येत नाही.

गावं निवडताना

विदर्भ हा एकच प्रदेश समजू नका. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत जाताना पाऊस जवळजवळ दुप्पट होतो. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं, यवतमाळ-वाशिमचा कोरडवाहू कापूस-सोयाबीनचा भाग, वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा, मेळघाटचा डोंगर, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीचा धान आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांचा मुलूख, वैनगंगा-वर्धेच्या काठची पुराची गावं. प्रत्येक ठिकाणी पावसाचा फटका वेगळा आणि बाहेर पडण्याची वाटही वेगळी. बेताच्या पैशांत सगळं पाहता येणार नाही. दोन किंवा तीन पट्टे निवडा आणि निष्कर्ष तेवढ्यांपुरतेच मांडा.

घरं किती घ्यायची? एखाद्या गोष्टीचं प्रमाण ५ टक्के इकडेतिकडे इतक्या अचूकतेनं आणि ९५ टक्के खात्रीनं काढायचं असेल, तर पाठ्यपुस्तकातलं सूत्र ३८४ घरं सांगतं. बरेच जण इथेच थांबतात. पण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, एकाच मुकादमाबरोबर जातात, एकाच नाल्याच्या पुरानं बुडतात. गावातून २० घरं घेतली आणि हे सारखेपण (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.०५ धरलं, तर १ मध्ये १९ गुणिले ०.०५ मिळवून १.९५ हा गुणक येतो. म्हणजे ३८४ ची ७४९ घरं होतात. दहातलं एक घर भेटणार नाही असं धरलं की ८३२. प्रत्येकी २० घरं अशी ४२ गावं घ्या, ८४० होतात. हा आकडा एका पट्ट्याचा आहे. पट्ट्यांची आपसात तुलना करायची असेल तर प्रत्येक पट्ट्यासाठी तेवढीच घरं लागतात. तितका पैसा नसेल तर पट्टे कमी करा.

गावं कशी पसरवायची, याकडे मात्र फार लक्ष द्या. पावसाची नोंद महसूल मंडळाच्या, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या, पातळीवर मिळते. तुमची ४२ गावं ५ मंडळांत असतील, तर घरं ८४० असूनही पावसाचे आकडे ५ च असतील. पाच आकड्यांवरून पाऊस आणि स्थलांतराचं नातं सिद्ध होत नाही. शक्य तितक्या वेगवेगळ्या मंडळांतून गावं घ्या, प्रवासाचा खर्च वाढला तरी चालेल. तो खर्च एखाद्या जास्तीच्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

घरयादी: सगळं कौशल्य इथेच

नमुना निवडण्याआधी गावातलं प्रत्येक घर यादीत आलं पाहिजे. तांडा, पोड (कोलामांची वस्ती), टोला, गावाबाहेरची वस्ती, वावरातल्या झोपड्या, सगळं. ग्रामपंचायतीचा घरकर नोंदीचा कागद सुरुवातीला हाताशी ठेवा, पण त्यावर विसंबू नका. त्यात अतिक्रमणातली घरं बऱ्याचदा नसतात आणि दोन भावांच्या वेगळ्या झालेल्या चुली एकाच नावावर दिसतात. मोजायची ती चूल.

बंद घरासमोर थांबा आणि शेजाऱ्यांना विचारा: घर कोणाचं, किती माणसं, कधी गेली, कुठे गेली, परत येणार का, फोन लागतो का. मग त्या घराला तीनपैकी एक खूण द्या. आज वावरात किंवा बाजाराला गेलेलं, हंगामापुरतं गेलेलं, आणि कायमचं उठून गेलेलं. पहिल्या प्रकारच्या घरी संध्याकाळी पुन्हा जा. दुसऱ्या प्रकारचं घर नमुन्यात आलं तर ते नमुन्यातच ठेवा. फोनवर बोला किंवा ते परतल्यावर जा. तिसऱ्या प्रकारासाठी शेजारी किंवा भाऊबंदांकडून एका पानाचा छोटा फॉर्म भरून घ्या: कोणत्या वर्षी गेले, जमीन विकली की मक्त्यानं दिली, आता काय करतात. बदली घर कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका.

काळ कोणता निवडायचा? विदर्भात पेरणी उरकल्यापासून पोळ्यापर्यंतचा काळ मला सगळ्यांत योग्य वाटतो. मे महिन्यात वीटभट्ट्या सुरू असतात आणि पूर्वेकडे लोक पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेले असतात. आषाढ-श्रावणात गाव भरलेलं असतं. निंदण-डवरणीमुळे दिवसा कोणी घरी नसतं हे खरं, म्हणून संध्याकाळी सहानंतर जायची तयारी ठेवा. पाऊस, चिखल आणि गेलेली वीज हे सगळं येणारच. जमलं तर मकरसंक्रांतीनंतर त्याच यादीतली दुसरी फेरी करा आणि फक्त दारं तपासा. कुठली उघडी, कुठली बंद, एवढ्या एका पाहणीनं पहिल्या फेरीतल्या उत्तरांची सत्यता कळते.

प्रश्नावली

माणसांची यादी भरताना “घरात किती जण?” असं विचारू नका. आज घरात असलेलेच मोजले जातात. “या चुलीवर मागच्या पोळ्यापासून कधीही जेवलेली सगळी माणसं सांगा” असं विचारा. मग दहा वर्षांत बाहेर स्थायिक झालेली लेकरं वेगळी लिहा.

पुढे प्रत्येक माणसासाठी बारा महिन्यांची पट्टी काढा. इंग्रजी महिने बऱ्याच जणांना आठवत नाहीत. नक्षत्रं आणि सण पक्के आठवतात. मृग, आर्द्रा, पोळा, दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी, अक्षय तृतीया अशी पट्टी समोर ठेवली की आजीसुद्धा बोट ठेवून सांगते, इथे गेला, इथे आला. जुन्या वर्षांसाठी खुणा लागतात: नोटाबंदी (२०१६), बोंडअळीचं साल (२०१७), टाळेबंदी (२०२०), वैनगंगेकाठी ऑगस्ट २०२० चा महापूर, वर्धा-चंद्रपूरकडे जुलै २०२२ चा पूर. मागच्या वर्षाचा तपशील पूर्ण घ्या, पाच वर्षांसाठी फक्त “गेले की नाही, किती जण” आणि त्यामागे फक्त मोठे प्रसंग. दहा वर्षांपूर्वीची कमाई विचारलीत तर उत्तर मिळेल, पण ते अंदाजानं दिलेलं असेल.

प्रत्येक फेरीसाठी कोण गेलं, कुठे, काय काम, कोणाच्या ओळखीनं, उचल किती, हाती किती आले, घरी मागे कोण राहिलं आणि लेकरांच्या शाळेचं काय झालं, हे लिहा. ऊसतोडीत “एक कोयता” म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कोयते मोजलेत तर बाई नवऱ्याच्या आकड्यात विरघळून जाते. तिची ओळ वेगळी भरा आणि शक्य तिथे तिच्याशीच बोला. कोणी जायचं, कोणी राहायचं, उचल कुठे खर्च झाली, याची तिनं दिलेली उत्तरं पुष्कळदा वेगळी असतात.

शेतीबद्दल विचारताना सातबाऱ्यावरची जमीन आणि प्रत्यक्ष कसलेली जमीन वेगळी ठेवा. मक्त्यानं, बटईनं केलेलं आणि वन हक्काचं वावर सातबाऱ्यावरून कळत नाही. ओलीत किती, कोरडवाहू किती, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, दुबार पेरणी झाली का, पीक किती क्विंटल, भाव काय मिळाला, अळी पडली का. अळी आणि भाव विचारायचेच. २०१७ मध्ये कापूस गुलाबी बोंडअळीनं गेला, आणि ते नुकसान निव्वळ पावसाच्या खात्यावर टाकलं तर तुमचा हिशेब बिघडतो. कर्जाचे प्रकार एकेक नाव घेऊन विचारा: बँक, सोसायटी, बचत गट, मायक्रोफायनान्स, सावकार, कृषी केंद्राची उधारी. “कर्ज आहे का?” एवढंच विचारलं तर बहुतेक जण फक्त बँकेचं सांगतात.

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. स्थलांतराचे प्रश्न आधी, पावसाचे नंतर. आधी दुष्काळावर अर्धा तास बोललात तर पुढे प्रत्येक जण दुष्काळामुळेच गेला असं निघेल. कारण विचारताना पर्याय वाचून दाखवू नका. वऱ्हाडीत साधं “काऊन गेले?” विचारा आणि उत्तर आहे तसं उतरवून घ्या. “काय करता मंग घरी बसून? सोयाबीन हातचं गेलं, दुकानदाराचे पैसे तसेच, दिवाळीले मुकादमानं उचल देल्ली.” या एका वाक्यात तीन कारणं साखळीनं आली आहेत. “कारण: बेरोजगारी” या खुणेत ती सगळी हरवतात. उत्तरांना संकेतांक (कोड) नंतर, कार्यालयात बसून द्या.

न गेलेल्यांना दोन प्रश्न न चुकता विचारा: मागच्या वर्षी कोणी जायचं ठरवलं होतं का, आणि मग काय अडलं? म्हातारं माणूस, बाळंतपण, गुरं, गाडीभाडं, मुकादमाची ओळख नसणं, मागची उचल न फिटणं. अडकून पडलेल्यांची नोंद इथेच होते.

चमू आणि वागणूक

सर्वेक्षक त्याच तालुक्यातले घ्या, पण त्याच गावातले नको. निम्म्या तरी मुली हव्यात. मेळघाटात कोरकू, यवतमाळच्या पोडांवर कोलामी, तांड्यावर गोरबोली, पूर्वेला गोंडी-माडिया बोलणारं कोणीतरी चमूत असलंच पाहिजे. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत वऱ्हाडी प्रश्नही परका वाटतो. पाच दिवसांचं प्रशिक्षण द्या, त्यातले दोन दिवस गावात. नमुन्याबाहेरच्या २५-३० घरांत चाचणी करा. प्रश्नावलीला पाऊण तासाहून जास्त वेळ लागला तर प्रश्न कापा. फॉर्म भरायचं कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके हे ॲप मोबाइलवर नेटवर्कशिवाय चालतं. तरी थोडे कागदी फॉर्म सोबत असू द्या.

बोलणं सुरू करण्याआधी स्पष्ट सांगा की यातून नुकसानभरपाई मिळणार नाही आणि कोणत्याही यादीत नाव जाणार नाही. अतिवृष्टीचे पंचनामे, पीकविमा आणि पैसेवारीच्या (पिकाच्या सरकारी अंदाजाच्या) अनुभवामुळे वही-मोबाइल घेऊन आलेला माणूस सरकारी वाटतो, आणि नुकसान वाढवून सांगितलं जातं. त्यात लोकांचा दोष नाही.

मुकादमाचं नाव लिहून घेऊ नका. तो समोर बसलेला असेल तर मुलाखत थांबवा, दुसऱ्या दिवशी जा. उचल, मारहाण, अडकवून ठेवणं याबद्दलची माहिती चुकीच्या हाती पडली तर त्या कुटुंबाला किंमत मोजावी लागेल. नावं-फोन नंबर एका फाइलमध्ये आणि उत्तरं दुसऱ्या फाइलमध्ये, दोन्हींना जोडणारा क्रमांक फक्त प्रमुखाकडे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंही माहिती सांभाळणं ही तुमचीच जबाबदारी आहे. आत्महत्या झालेल्या घराची गाठ पडणं या भागात अवघड नाही. त्याबद्दल खोदून विचारू नका. चमूजवळ टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांक छापील असावेत, आणि ते कसे द्यायचे याचा सराव प्रशिक्षणातच झालेला असावा.

पावसाच्या नोंदी जोडणं

महसूल मंडळाच्या रोजच्या पावसाचे आकडे घ्या. लांबच्या इतिहासासाठी भारतीय हवामान विभागाची ०.२५ अंशाच्या चौकटींची रोजची मालिका आहे, १९०१ पासूनची. एक चौकट साधारण २६-२८ किलोमीटरची असते. निर्देशांक मोजके ठेवा आणि निकाल पाहण्याआधीच लिहून ठेवा: जून-सप्टेंबरचा पाऊस ३० वर्षांच्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त, जुलै-ऑगस्टमधला सलग सर्वांत लांब खंड (२.५ मिमीपेक्षा कमी पावसाचे दिवस), एका दिवसात ६५ मिमीच्या वर पाऊस झालेले दिवस आणि ऑक्टोबरचा पाऊस, जो काढणीला आलेलं सोयाबीन कुजवतो. निव्वळ एकूण पाऊस पाहिलात तर फसाल. महिनाभराचा खंड आणि मग तीन दिवसांत कोसळलेला पाऊस यांची बेरीज सरासरीच भरते, पीक मात्र दोनदा जातं.

शेतकऱ्याची आठवण आणि यंत्राची नोंद जुळली नाही तर शेतकऱ्याला खोटं ठरवू नका. मापक मंडळाच्या गावी असतो, वावर तिथून दहा-बारा किलोमीटरवर. दोन्ही नोंदी ठेवा आणि फरक किती घरांत आहे ते अहवालात सांगा.

विश्लेषण

एका वर्षी पाऊस, त्यानंतर स्थलांतर हा क्रम धरा. २०२४ च्या खरिपाचा परिणाम २०२४-२५ च्या हिवाळ्यात शोधायचा. शक्य तिथे एका घराची तुलना त्याच घराच्या दुसऱ्या वर्षाशी करा. जमीन, जात आणि गावाचं अंतर या न बदलणाऱ्या गोष्टी त्यात आपोआप बाजूला पडतात. अंदाजात किती चूक असू शकते (मार्जिन ऑफ एरर) हे काढताना घरांचे गट मंडळानुसार धरा. भूमिहीन, कोरडवाहू अल्पभूधारक आणि ओलीतवाले यांचे निकाल वेगवेगळे काढा. तिघांची सरासरी घेतली की परस्परविरोधी परिणाम एकमेकांना पुसून टाकतात.

जिथे लोक जातात तिथलं हवामानही पाहा. २०१८ च्या दुष्काळानंतर २०१९-२० च्या हंगामात महाराष्ट्रातलं साखर उत्पादन मोठ्या प्रमाणात घटलं होतं. अशा वर्षी तोडीला कमी टोळ्या लागतात. विदर्भातल्या तांड्यावरून कमी माणसं गेली, तर त्याचं कारण कदाचित दूरच्या उसाच्या फडात असेल, गावच्या पावसात नसेल.

कायमची उठून गेलेली घरं निकालात धरून आणि वगळून, असा दोनदा हिशेब करा आणि दोन्ही आकडे छापा. 

अहवाल लिहिण्याआधी निकाल गावात परत न्या, आणि तेही गाव भरलेलं असताना. बारा महिन्यांची पट्टी मोठ्या कागदावर काढून समाजमंदिराच्या भिंतीवर लावा, घरांची नावं न लिहिता. बायांसाठी वेगळी बैठक घ्या. लोक बोट ठेवून सांगतील: या महिन्यात एवढी माणसं नव्हती गेली, त्या साली लवकर गेली होती. त्या दुरुस्त्या दुसऱ्या रंगाच्या पेनानं त्याच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.